श्रावण लागायच्या आधी थायमिनचा स्टॉक भरा: आरोग्य खात्याला खुलं पत्र

प्रति,
जिल्हा आरोग्य अधिकारी, तालुका आरोग्य अधिकारी, आणि किनारपट्टीवरच्या सगळ्या पीएचसींमधले, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रांमधले, डॉक्टर, सिस्टर, समुदाय आरोग्य अधिकारी (सीएचओ) आणि आशाताई,

सप्रेम नमस्कार.

मागणी पहिल्यांदाच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचायला वेळ नसला तरी चालेल. रोज दारू पिणारा माणूस तुमच्याकडे कुठल्याही कारणाने आला, अशक्तपणा, उलट्या, पडला, बडबडतोय, काहीही, आणि त्याला सलाईन लावायची वेळ आली, तर ग्लुकोजच्या बाटलीच्या आधी, निदान बरोबरीने, थायमिनचं इंजेक्शन द्या. थायमिन म्हणजे व्हिटॅमिन बी-वन. आणि ते हाताशी असावं म्हणून प्रत्येक पीएचसीत त्याचा स्टॉक कायम ठेवा. बस एवढंच. बाकीचं पत्र हे का मागतोय ते सांगायला आहे.

मी डॉक्टर नाही, डी.फार्म. झालेला माणूस आहे, मालवण-देवगड पट्ट्यात बाजारपेठेत मेडिकल चालवतो. दारूविरुद्ध भाषण ठोकायचा विचार नाही, तसली भाषणं ग्रामसभेत होतात आणि भाषण झाल्यावर कोण कुठे बसायला जातं तेही बाजारात सगळ्यांना ठाऊक असतं. बांद्याच्या पलीकडून, गोव्यातून, काय येतं, कुठल्या गाडीतून येतं, तो एक्साइजवाल्यांचा विषय, त्यांना त्यांचं वेगळं पत्र लिहीन कधीतरी. मला डोक्याबद्दल बोलायचंय.

कारण दारूने काय होतं विचारलं तर शाळेतलं पोरसुद्धा सांगतं, लिव्हर जातं. पोट फुगलं, डोळे पिवळे झाले की सगळी वाडी ओळखते. डोकं बिघडलं की मात्र आपण त्याला स्वभाव म्हणतो. आधी बरा होता, आता तिरसट झाला. हिशेब चुकवतो म्हणजे लबाड झाला. कलमांची बाग करारावर देताना मिळेल त्या किमतीला देऊन मोकळा झाला म्हणजे मूर्ख झाला. अरे पण कपाळामागचा जो भाग आगापिछा बघून निर्णय घ्यायला लागतो, फ्रंटल लोब, तोच वर्षानुवर्षांच्या दारूने आक्रसलेला असतो, एमआरआयमध्ये चक्क दिसतो, आणि मागचा लहान मेंदूही तसाच, म्हणून सकाळी एक थेंब पोटात नसतानासुद्धा तो पाय फाकवून, भिंत धरून चालतो. लोक म्हणतात सकाळीच लावून आला. फ्रान्समध्ये २००८ ते २०१३ मधल्या हॉस्पिटलच्या नोंदी तपासल्या होत्या, २०१८ मध्ये ते छापून आलं, त्यात ६५ च्या आत डिमेन्शिया झालेले ५७ हजारांवर लोक होते आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त जणांच्या कागदांवर दारूचा संबंध होता. म्हणजे म्हातारपणाच्या विसरण्याबद्दल हे चाललेलं नाही. पन्नाशीच्या आतबाहेरची, घर चालवणारी माणसं आहेत ही.

आता बी-वनचं. मेंदू वजनाने अंगाच्या २ टक्के आणि खातो मात्र अंगातल्या ऊर्जेच्या २० टक्क्यांच्या आसपास, आणि खातो ते मुख्यतः ग्लुकोज. ते ग्लुकोज जाळायला थायमिन लागतं. चुलीत लाकडं रचून ठेवलीत आणि घरात काडेपेटीच नाही, अशी गत. शरीरात थायमिनचा साठा तरी किती, साधारण ३० मिलीग्राम, रोजची गरज सव्वा एक मिलीग्रामच्या आसपास, म्हणजे खाणं बंद झालं तर दोनतीन आठवड्यांत तळ दिसतो. पिणाऱ्याचं काय होतं बघा. मुळात जेवत नाही, क्वार्टर, बरोबर मूठभर शेंगदाणे नाहीतर सुक्या जवळ्याची चटणी, आणि मग आडवा. जे खातो त्यातलं बी-वन आतड्यातून नीट शोषलं जात नाही कारण दारू तिथेच आडवी येते. लिव्हर खराब म्हणून साठवण नाही. वर मॅग्नेशियम कमी झालेलं असतं, त्यामुळे जे थोडं उरलंय तेही कामाला येत नाही. चारी बाजूंनी नाकाबंदी.

जरा बाजूला जातो पण आपल्या कोकणातली गोष्ट आहे म्हणून सांगतो. बी-वनचा शोध लागला तोच तांदळामुळे. आइकमन नावाच्या डच डॉक्टरने जावा बेटावर बघितलं की पॉलिश केलेला तांदूळ खाणाऱ्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंड्यासकट दिला की बऱ्या होतात, त्याबद्दल १९२९ चं नोबेल मिळालं त्याला. आणि आपल्याकडे आज्या पिढ्यानपिढ्या उकड्या तांदळाची पेज देत आल्या. भात आधी उकडून मग सडला की कोंड्यातलं बी-वन बरंचसं दाण्यात मुरतं, गिरणीत घातलं तरी सगळं जात नाही. आता घरोघरी पांढराशुभ्र कोलम, उकडा फक्त आजारपणात. रेशनच्या फोर्टिफाइड तांदळात लोह, फॉलिक अ‍ॅसिड आणि बी-१२ घालतात, बी-वन नाही. अर्थात जो जेवतच नाही त्याला कुठलाही तांदूळ सारखाच.

तर साठा संपला की मेंदूच्या आतल्या काही ठरावीक जागा मरायला लागतात, आठवणी बसवणाऱ्या जागा त्यातच आल्या. १८८१ मध्ये कार्ल वेर्निके या जर्मन डॉक्टरने हे पहिल्यांदा लिहिलं. त्याचे तीन पेशंट होते, दोघे पिणारे पुरुष, आणि तिसरी एक शिवणकाम करणारी तरुण मुलगी जिने अ‍ॅसिड घेतलं होतं आणि मग उलट्या थांबेनात. तिचा दारूशी संबंध नव्हता. म्हणजे हे कुणाच्या पापाचं फळ वगैरे नाही, बी-वन संपलं की कुणालाही होतं. सिस्टर, तुम्हाला खास सांगतो, गरोदरपणात ज्या बायकांच्या उलट्या आठवडेच्या आठवडे थांबत नाहीत त्यांनाही होऊ शकतं, तिथेही हेच इंजेक्शन लागतं.

लक्षणं तीन. डोळ्यांची बुबुळं नीट फिरत नाहीत किंवा थरथरतात, चालताना तोल जातो, आणि माणूस गोंधळलेला असतो, आपण कुठे आहोत कळत नाही. आता हीच तीन लक्षणं बाजारातल्या कुणाही माणसाला सांगा आणि विचारा याला काय झालंय. तो म्हणेल टाइट आहे. इथेच सगळा घात होतो साहेब! आजारही दारुड्यालाच होतो आणि दिसतोही नशेसारखाच, मग तपासणार कोण? आणि तिन्ही लक्षणं एकत्र दिसायची वाट बघत बसलात तरी गाडी चुकते. ऑस्ट्रेलियात पर्थला शवविच्छेदनात सापडलेल्या १३१ केसेसचा अभ्यास १९८६ मध्ये छापला गेला, त्यात तिन्ही लक्षणं होती फक्त १६ टक्क्यांत, आणि जिवंत असताना निदान झालेलं फक्त २० टक्क्यांचं. मोठी हॉस्पिटलं असलेल्या शहरातली गोष्ट ही. आपल्या उपकेंद्रात काय होत असेल विचार करा.

वेळेत शिरेतून थायमिन मिळालं तर डोळे तास-दिवसांत सुधारायला लागतात, गोंधळ हळूहळू निवळतो. नाही मिळालं तर काही मरतात, आणि जे वाचतात त्यातल्या बहुतेकांच्या नशिबी पुढचा टप्पा, कोर्साकॉफ. याच नावाच्या रशियन डॉक्टरने १८८७ पासून या आजारावर लिहिलं म्हणून हे नाव.

तो टप्पा कसा असतो ते मी माझ्या काउंटरवर बघितलाय. आमच्याकडचा एक तांडेल, म्हणजे बोटीवरचा मुख्य खलाशी, ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत. उंचापुरा, इस्त्रीचा शर्ट, बोलणं एकदम नीट, नवीन माणसाला संशयसुद्धा येणार नाही. बायको त्याची औषधं घ्यायला येते तेव्हा बरोबर घेऊन येते कारण घरी एकटा ठेवता येत नाही. मी विचारलं, काय तांडेलानू, बरे मां? तर म्हणतो, "काल रात्री देवगडाक होतंय, बांगडो गावलो, बरफ संपलो म्हणान परत इलंय." किती पाट्या मिळाल्या तेही सांगितलं, कुणाच्या बोटीला जाळं अडकलं तेही. गेल्या सीझनपासून तो बोटीवर चढलेला नाही. खोटं बोलत नव्हता तो, मेंदूत जिथे कालचा दिवस असायला हवा तिथे काहीच नाही म्हणून मेंदू जुन्या मालातून काहीतरी जोडून देतो, आणि सांगणाऱ्याचा त्याच्यावर पूर्ण विश्वास असतो. मी आत जाऊन स्ट्रिप घेऊन बाहेर आलो तर पुन्हा पहिल्यापासून नमस्कार, आणि पुन्हा काल रात्री, यावेळी देवगडच्या जागी आचरा. बायको खालच्या आवाजात म्हणाली, "जुना सगळा आठवता ओ, सकाळी काय जेवलो ता आठवना नाय." खडक कुठे, खाडीच्या मुखाशी भरतीला पाणी किती, सगळं तोंडपाठ आहे त्याला. नवीन काही राहत नाही.

तिच्याकडे जुनं डिस्चार्ज कार्ड होतं, प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून. कुठल्या हॉस्पिटलचं ते सांगत नाही, सांगून उपयोगही नाही, कारण कुठल्याही हॉस्पिटलचं असू शकलं असतं. आला तेव्हा उलट्या, तोल जात होता, बडबडत होता. निदानाच्या जागी लिहिलेलं, दारूचा अंमल. औषधं, डीएनएस सलाईन रोज दोन बाटल्या, उलटीचं इंजेक्शन, अ‍ॅसिडिटीचं इंजेक्शन, घरी जाताना मल्टिव्हिटॅमिनचं सिरप. थायमिन कुठेच नाही. डीएनएसमध्ये ग्लुकोज असतं हे तुम्हाला मी काय सांगायचं, आणि साठा संपलेल्या माणसाला नुसतं ग्लुकोज चढवलं की उरलंसुरलं बी-वन ते जाळण्यात जातं आणि झटका बसू शकतो, हे तर तुमच्या पुस्तकातच आहे. त्याचं तेव्हाच झालं की आधीच झालेलं हे मी सिद्ध करू शकत नाही, करायचंही नाही. पण इंजेक्शन दिलं असतं तर बिघडलं काय असतं? अ‍ॅलर्जी होते पण फारच क्वचित, किंमत सलाईनच्या बाटलीपेक्षा जास्त नाही.

एक स्पष्ट करतो, नाहीतर उलटाच अर्थ निघायचा. शुगर खाली गेलेला बेशुद्ध माणूस समोर असेल तर थायमिन शोधत बसू नका, ग्लुकोज द्या लगेच, पाठोपाठ थायमिन. आणि संशय असेल तेव्हा शिरेतूनच, मोठ्या डोसमध्ये, आता २०० ते ५०० मिलीग्राम दिवसातून तीनदा असं देतात. माझ्याकडून जी बी-कॉम्प्लेक्सची गोळी नेतात तिच्यात बी-वन असतं जेमतेम ५-१० मिलीग्राम, आणि पिणाऱ्याच्या आतड्यातून त्यातलंही नखभर आत जाणार. "टॉनिक देवा कायतरी" म्हणून घरची माणसं येतात, बाटली नेतात, समाधान होतं, मेंदूपर्यंत काही पोचत नाही.

आता श्रावणाचं. गटारीला मनसोक्त होते आणि दुसऱ्या दिवसापासून कडक. घरच्यांना केवढा आनंद, पाळलान म्हणून. कधीमधी घेणाऱ्याला काही होत नाही, तो पाळू दे खुशाल. पण जो सकाळी उठल्या उठल्या नाइंटी लागतेच असा आहे त्याच्यासाठी ही एकदम बंदी धोक्याची. रोजच्या दारूने मेंदूची शांत करणारी बाजू दबावाखाली राहते आणि चेतवणारी बाजू जास्तच कामाला लागलेली असते, दारू अचानक काढली की तीच मोकाट सुटते. पहिल्या दिवसात हात थरथरतात, घाम, झोप नाही. ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते. आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसात डिलिरियम, अंगावर किडे चढताना दिसतात, कोपऱ्यात माणसं दिसतात, नसलेल्या माणसांशी बोलणं चालतं. उपचार नाही मिळाला तर यात माणूस दगावतो.

आणि आपल्याकडे असं कुणी बोलायला लागला की पहिली शंका कशाची येते तुम्हाला माहीतच आहे. अमावास्या नुकतीच गेलेली, माणूस व्हाळाकडून, ओढ्याकडून, आला होता, झालं, बाहेरचं लागलं. मग भगत, अंगारा, नारळ, कौल, दोन दिवस त्यात जातात आणि नेमके तेच दोन दिवस महत्त्वाचे असतात. मी देवाला मानणारा माणूस आहे, गाऱ्हाणं घालू नका असं सांगणार नाही, पण आधी पीएचसी मग गाऱ्हाणं एवढं आशाताई गटारीच्या आठवड्यात वाडीवाडीत सांगू शकतात. बोटींचंही तेच. ३१ जुलैला पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठली की बोटी बाहेर पडतात, खलाशी बोटीवर चढेपर्यंत पीत असतो, मग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी किनाऱ्यापासून लांब असताना फिट आली तर करणार काय. मच्छीमार सोसायटीच्या चेअरमनना बोलावून एकदा हे समजावून सांगा, ते ऐकतील, बोट मध्येच परत आणायचा डिझेलचा खर्च त्यांना कळतो.

जाता जाता, न सांगता दारू सोडवायच्या औषधाच्या जाहिराती एसटी स्टँडच्या भिंतीवर रंगवलेल्या असतात, आणि माझ्याकडे बायका येतात, चहातून द्यायची गोळी आहे का विचारत. त्यांचं दुःख खरं आहे. पण डायसल्फिराम, म्हणजे दारू सोडवायची ती गोळी, माणसाला न सांगता देणं म्हणजे जिवाशी खेळ, वरून प्यायला तर बीपी कोसळतं, हार्टचा पेशंट असेल तर संपलाच. मी देत नाही आणि शिव्या खातो. देणारे आहेत, तिकडे बघा जरा.

अजून एक गोष्ट राहिली, डोक्याला मार. पिणारा पडतोच, घाटीवर, जांभ्याच्या पायऱ्यांवर, बंदरातल्या शेवाळावर. आक्रसलेल्या मेंदूभोवतीच्या शिरा ताणलेल्या असतात, छोट्या मारानेही फाटतात आणि रक्त हळूहळू साठत राहतं, लक्षणं कधी कधी दोनतीन आठवड्यांनी दिसतात. तोपर्यंत पडल्याचं कुणाच्या लक्षातही नसतं. झोपाळू झाला, एका बाजूचा पाय ओढतोय, डोकं दुखतंय म्हणतोय, तर तोंडाला वास आला म्हणून घरी पाठवू नका, सीटी स्कॅनला पाठवा. वास येणं हे निदान होत नाही.

आशाताईंकडे ३० च्या वरच्या माणसांचा जो फॉर्म असतो, बीपी-शुगरच्या तपासणीआधी भरतात तो, सीबॅक, त्यात प्रश्न आहेच की रोज दारू पिता का. हो म्हटलं की एक मार्क. आणि पुढे? पुढे काहीच नाही, तो मार्क बाकीच्या मार्कांत मिळवायचा आणि कागद फाइलला. माहिती तुमच्याच कपाटात आहे हो. ज्यांचा हो आहे त्यांना एकदा बोलावून चालून दाखवायला सांगा, डोळ्यांसमोर बोट फिरवून बघा, तीन शब्द सांगून पाच मिनिटांनी विचारा, जेवण काय असतं विचारा. दहा मिनिटांचं काम. २०१९ मध्ये एम्सने केलेला देशाचा सर्व्हे केंद्र सरकारनेच जाहीर केला, त्यात दारूचं व्यसन जडलेल्या ३८ जणांत एकाला कुठला तरी उपचार मिळाला असं आलंय. बाकीचे ३७ कुठे असतात? माझ्या दुकानासमोरच्या कट्ट्यावर असतात, दुसरं काय.

आणि उपचाराचा उपयोग होतो, हे मुद्दाम लिहितो कारण "आता काय राहिलाय तो" असं तुमच्यातलेही काही जण बोलतात, मी ऐकलंय. दारू पूर्ण थांबली तर आक्रसलेला मेंदू काही आठवड्यांपासून काही महिन्यांत बराचसा भरून येतो, लक्ष लागायला लागतं, हिशेब जमायला लागतो. कोर्साकॉफपर्यंत गेलेल्यांतही साधारण चौथा हिस्सा चांगला सुधारतो. आमच्या तांडेलाचं काय होईल माहीत नाही, त्याची बायको आता भिंतीवर खडूने लिहून ठेवते, आज कुठला वार, जेवलास, गोळी घेतलीस, आणि तो ते वाचून तिलाच सांगतो.

रत्नागिरीचं मनोरुग्णालय मालवणहून किती तास लांब आहे ते तुम्हाला माहीत आहे, पावसात तर विचारूच नका. फोनवर १४४१६ वर टेलीमानसवाले, म्हणजे सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, मराठीत बोलतात, हे किती पीएचसींच्या भिंतीवर लिहिलंय? म्हणून ग्रामीण रुग्णालयात श्रावणाच्या पहिल्या आठवड्यापुरत्या तरी दोन खाटा दारू सोडणाऱ्यांसाठी ठेवा, तिथे डॉक्टरांच्या देखरेखीखाली झोपेच्या गटातल्या गोळ्या, थायमिन, पाणी, आणि रात्री जागं कुणीतरी. रजिस्टरमध्ये दारू पिऊन आला एवढंच लिहून मोकळं होण्याची पद्धत बंद करा, शेजारी एक रकाना आखा, थायमिन दिलं का, हो की नाही.

औषधांची मागणी वरून मंजूर होऊन माल यायला किती महिने लागतात याची मला कल्पना आहे. तोपर्यंत रुग्ण कल्याण समितीच्या पैशातून लोकल खरेदी करता येते. आमच्या तालुक्यासाठी लागतील तेवढे अ‍ॅम्प्युल मी खरेदीच्या भावात द्यायला तयार आहे, बिल मागाहून निघालं तरी चालेल. मला उत्तराचं पत्र नको. गटारीच्या आधीच्या तालुका मीटिंगमध्ये हा विषय निघावा आणि कुठल्या पीएचसीत किती अ‍ॅम्प्युल आहेत तो आकडा मिनिट्समध्ये यावा.

आपला,
बाजारपेठेतला एक मेडिकलवाला